काळारामाचं बंद दार आणि दुखावलेल्या भावना

(द्वारका, नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फलकावर लिहिलाय तो असा: 'धार्मिक भावना दुखावतील असं बोलण्याचं स्वातंत्र्य असावं का?' हा प्रश्न चौकात विचारला, तर माणसं आधी एक उलटप्रश्न करतात. तोंडानं करत नाहीत, मनात करतात. 'कुणाच्या धर्माबद्दल?' आपल्या धर्माबद्दल असेल तर नसावं, दुसऱ्याच्या असेल तर असावं, असं उत्तर बऱ्याचदा तयार असतं. म्हणून आम्ही आज मत सांगण्याआधी इतिहास सांगणार आहोत. मराठी मुलखात हा वाद किमान दोनशे वर्षं चाललाय, आणि त्यातला एक मोठा प्रसंग आपल्या नाशिकचाच आहे. द्वारका चौकातून निघालं, गोदावरी ओलांडली, की दोन-तीन किलोमीटरवर पंचवटीत काळाराम मंदिर आहे. तिथूनच सुरुवात करू.

2 मार्च 1930. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नाशकात आले होते. सत्याग्रहाची सगळी जुळवाजुळव केली होती दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे आपल्या दादासाहेबांनी, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. धनंजय कीर यांच्या चरित्रात नोंद आहे की मिरवणुकीत सुमारे 15 हजार माणसं होती आणि ती जवळजवळ मैलभर लांब होती. मागणी एकच: रामाचं दर्शन. मंदिराची दारं बंद करण्यात आली. मिरवणूक गोदाकाठी गेली, तिथं सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दारांसमोर सत्याग्रहींच्या तुकड्या बसायला लागल्या. त्यात बाया होत्या, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. सुमारे महिनाभर मंदिर बंद राहिलं. रामनवमीला रथ ओढण्याबाबत तडजोड झाली होती, ती मोडली, दगडफेक झाली, लोक जखमी झाले. पुढं हा लढा थांबत-चालत पाच वर्षं रेंगाळला.

आता त्या दिवसांत दाराच्या आतल्या बाजूला जे उभे होते त्यांचं म्हणणं काय होतं? आमच्या भावना दुखावतात. आमचा राम बाटेल. पिढ्यान् पिढ्यांची रीत मोडेल. हे म्हणणं ढोंगी होतं असं आम्ही म्हणणार नाही. त्यातल्या कित्येकांना खरोखरच वेदना होत असणार. रात्री झोप लागत नसेल. नाशकात तेव्हा शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी होते. त्यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही बाजूंच्या नागरिकांची सभा भरली, तर सनातन्यांनी त्या सभेवरही दगड आणि जोडे फेकले, असं कीर लिहितात. म्हणजे प्रत्यक्ष शंकराचार्यांनी मधला मार्ग काढायचं म्हटलं, तरी त्यांचं बोलणं ऐकून घ्यायची तयारी नव्हती. भावना इतक्या तीव्र होत्या!

आमचा आजचा मुद्दा इथंच आहे. भावना खरी होती, तीव्र होती, बहुसंख्यांची होती. सरकारला शांतता हवी होती. 'भावना दुखावतात म्हणून थांबा' हा नियम लावला असता, तर काळारामाचं दार आजही बंद असतं. दाराबाहेर बसलेल्यांच्या भावना कुणी मोजत नव्हतं. त्या हजारो वर्षं दुखावलेल्या होत्या, पण त्यांच्या बाजूनं ना पोलीस होते, ना पुजारी, ना जमाव. दुखावलेली भावना मोजायचा तराजू ज्याच्या हातात असतो, त्याचंच पारडं जड निघतं.

इथं कुणी म्हणेल, 'अहो, मंदिरात शिरणं वेगळं आणि बोलणं वेगळं. विषय बोलण्याचा आहे.' बरोबर आहे. पण काळारामाच्या दाराशी पोचायच्या आधी कितीतरी शब्द बोलले गेले होते, लिहिले गेले होते, जाळलेसुद्धा गेले होते. म्हणून जरा मागं जाऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत मिशनरी आले आणि त्यांनी हिंदू देवदेवतांवर उघड टीका सुरू केली. ती टीका सौम्य नव्हती. त्याला उत्तर कसं दिलं गेलं? 1831 मध्ये मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला आणि 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहिलं. विल्सनसाहेबांनी त्याला पुस्तकानं उत्तर दिलं. पुढं 1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकाठी उभे राहिले. हे विष्णुबुवा आपल्याला जवळचे, कारण संसार सोडल्यावर त्यांनी तपश्चर्या केली ती सप्तशृंगीच्या डोंगरावर. जानेवारी ते मे असे काही महिने हिंदू संन्यासी आणि ख्रिस्ती मिशनरी वाळूवर समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या धर्मावर तुटून पडत होते, आणि लोक गर्दी करून ऐकत होते. बायबलमधल्या विसंगतींवर बुवा बोट ठेवत, मिशनरी पुराणांवर ठेवत. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानं त्या संवादांचं पुस्तकही काढलं. त्यात आपल्या विरुद्ध पक्षाचं म्हणणंही छापलं. दोन्हीकडच्या भावना रोज दुखावल्या जात होत्या, आणि दोन्हीकडचे लोक पुढच्या सभेला पुन्हा येत होते.

मग आले जोतीराव फुले. 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. त्यात अवतारकथांची जी उलटतपासणी आहे ती आज वाचतानाही माणूस दचकतो. फुल्यांनी तर परशुरामाच्या नावानं जाहीर नोटीस काढली: तुम्ही चिरंजीव आहात ना, मग सहा महिन्यांच्या आत हजर व्हा! विचार करा, ही नोटीस आज कुणी समाजमाध्यमावर टाकली तर संध्याकाळपर्यंत किती पोलीस ठाण्यांत तक्रारी होतील. तेव्हा काय झालं? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांवर सडकून टीका केली, त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. ती टीका अन्यायाची होती असं आमचं मत आहे. पण ती लेखणीनं केलेली होती. आणि पुढं 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला, तेव्हा जामिनासाठी माणूस उभा केला तो फुल्यांनी. रामशेठ उरवणे यांचं नाव त्यात येतं. दोघं डोंगरीच्या तुरुंगातून 101 दिवसांनी सुटले, तेव्हा सत्यशोधकांनी त्यांचा सत्कार केला. मतभेद कमी झाले होते म्हणून नव्हे. छापलेल्या शब्दासाठी माणूस तुरुंगात जातो याचा अर्थ काय, हे फुल्यांना कळत होतं.

चित्र फार गोजिरवाणं होऊ नये, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्याच मुंबईत 1851 मध्ये पैगंबरांचं चित्र एका गुजराती पत्रात छापलं गेलं, त्यावरून पारशी-मुस्लिम दंगल झाली. 1874 मध्ये पैगंबरांच्या चरित्राचा मजकूर एका पारशी गृहस्थानं गुजरातीत आणला, त्यावरून पुन्हा दंगल, पुन्हा जाळपोळ. शब्दाला शब्दानं उत्तर ही परंपरा आपल्याकडं आहे, आणि शब्दाला दगडानं उत्तर हीसुद्धा आहे. कायदा आला तो या दुसऱ्या परंपरेच्या धास्तीनं.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात एक बारीक खुंटी आहे. मेकॉलेच्या आयोगानं 1837 मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, तो 1860 मध्ये कायदा झाला. त्यातल्या 298 कलमात शिक्षा होती ती 'जाणूनबुजून' दुसऱ्याची धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं उच्चारलेल्या शब्दाला. हेतू महत्त्वाचा. आणि ते कलम बोललेल्या शब्दाचं, हावभावाचं होतं. छापलेल्या पुस्तकाचं नव्हतं. पुढं 1924 मध्ये लाहोरला राजपाल या प्रकाशकानं 'रंगीला रसूल' नावाची पुस्तिका काढली. पैगंबरांच्या खासगी आयुष्यावरचं अत्यंत हिणकस लिखाण. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, पण मे 1927 मध्ये लाहोर उच्च न्यायालयानं राजपालला सोडलं. मृत धर्मसंस्थापकावरची टीका म्हणजे दोन समाजांत वैर पसरवणं, असं 153-अ या कलमात बसत नाही, असं न्यायमूर्ती दलीपसिंग यांचं म्हणणं. त्यावर देशभर संताप उसळला. सप्टेंबर 1927 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळानं नवं कलम घातलं, 295-अ. 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं' एखाद्या वर्गाच्या धर्माचा वा धर्मश्रद्धांचा अवमान केला, तर तुरुंगवास. त्या चर्चेत बॅ. जीना यांनी इशारा दिला होता की इतिहास लिहिणाऱ्याला, सत्य शोधणाऱ्याला, प्रामाणिकपणे धर्माची चिकित्सा करणाऱ्याला हे कलम लागू नये याची काळजी घ्या. कायदा झाला, पण राजपालचा जीव काही वाचला नाही. एप्रिल 1929 मध्ये त्याचा खून झाला.

आता तारखा जवळजवळ ठेवून बघा. 295-अ आलं सप्टेंबर 1927 मध्ये. आणि 25 डिसेंबर 1927 ला, तीन महिन्यांनी, महाडला बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते स्वतः जन्मानं ब्राह्मण. लाखो लोकांना पूज्य असलेला ग्रंथ, जाहीरपणे, समारंभपूर्वक, जाणूनबुजून जाळला. यापेक्षा भावना दुखावणारं कृत्य कोणतं असेल? पण त्यामागचा हेतू दुष्ट होता असं आज या सभागृहातला कोण म्हणेल? त्याच वर्षी 20 मार्चला चवदार तळ्याचं पाणी पिणाऱ्यांवर लाठ्या चालल्या होत्या, आणि नंतर ते तळं गोमूत्र-शेणाच्या घागरींनी 'शुद्ध' केलं गेलं होतं. ज्या ग्रंथाच्या आधारे माणसाला गुराढोरांपेक्षा खालचं ठरवलं, तो जाळणं ही एका समाजाला झालेली इजा होती, की शतकांच्या इजेला दिलेलं उत्तर होतं?

महाडची पुढची गोष्ट आम्हाला फार शिकवणारी वाटते. सनातनी मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि मार्च 1937 मध्ये निकाल लागला. न्यायालयानं 'तुम्हाला वाईट वाटतं का' हे विचारलंच नाही. विचारलं, की अस्पृश्यांना मज्जाव करण्याची ही रीत अनादी काळापासून चालत आली असल्याचा पुरावा द्या. पुरावा देता आला नाही. दावा हरला. भावनेला पुराव्याच्या पायरीवर उभं केलं की ती बऱ्याचदा आपोआप थोडी शांत होते.

आंबेडकर या बाबतीत दोन्ही बाजूंनी उभे राहिलेले आहेत, हेही लक्षात घ्या. 1925 मध्ये दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक लिहिलं. प्रकाशक होते केशवराव जेधे. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर त्यात जी भाषा वापरलीय ती सभ्य म्हणता येणार नाही. पुण्यात खटला झाला, शिक्षा झाल्या. अपिलात बचावाला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर, आणि आरोपी सुटले. पुस्तकातला शब्द न् शब्द बाबासाहेबांना आवडला असेल असं नव्हे. पण ज्यांनी शतकानुशतकं ऐकूनच घेतलं, ते पहिल्यांदा बोलायला लागले की भाषा ओबडधोबड असणार, हे त्यांना माहीत होतं.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या भगूरचे सावरकर? त्यांचं राजकारण आंबेडकरांपेक्षा अगदी वेगळं. पण 'गोपालन हवे, गोपूजन नव्हे' हे लिहिणारेही तेच. गाय उपयुक्त पशू आहे, देवता नाही, असं 1930 च्या दशकात एका हिंदुत्ववादी नेत्यानं लिहिलं. सनातन्यांच्या भावना त्यानंही दुखावल्याच. म्हणजे डावे, उजवे, सत्यशोधक, हिंदुत्ववादी, ज्यांनी ज्यांनी या समाजात काही हलवायचा प्रयत्न केला, त्या प्रत्येकाच्या खात्यावर हा गुन्हा जमा आहे. वारकऱ्यांचंही तेच. परंपरा सांगते की तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली, ती अधिकार नसताना धर्मावर बोलले म्हणून. आज त्याच गाथेचं पारायण चालू असताना कुणी गडबड केली, तर आपल्या भावना दुखावतात! कालचा भावना दुखावणारा आज भावनांच्या गाभाऱ्यात जाऊन बसलेला असतो.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? संविधानाच्या कलम 19 मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य आलं, आणि त्यावर मर्यादाही आल्या. त्या मर्यादांच्या यादीत 'धार्मिक भावना' हे शब्द नाहीत. सार्वजनिक सुव्यवस्था आहे. तीही 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आली. या सुव्यवस्थेच्या दारातूनच 295-अ आत राहिलं. 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं, पण सांगितलं की निष्काळजीपणे किंवा नकळत झालेला अवमान या कलमात येत नाही. हेतू जाणूनबुजून आणि दुष्ट असला पाहिजे. 2017 मध्ये महेंद्रसिंग धोनीवरचा खटला रद्द करताना न्यायालयानं हेच पुन्हा बजावलं. मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याला विष्णूच्या रूपात दाखवलं होतं, म्हणून तक्रार झाली होती. आता दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा 299 झाला, आशय तोच आहे.

कायदा कागदावर इतका नेमका असूनही अडचण कुठं आहे? अडचण अशी, की हेतू ठरतो निकालाच्या वेळी, आणि तो लागायला वर्षं जातात. गुन्हा मात्र आज दाखल होतो. दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. शेवटी माणूस सुटतो, पण मधल्या काळात नोकरी, पैसा, झोप सगळं गेलेलं असतं. मग पुढचा माणूस लिहायच्या आधी दहादा विचार करतो, आणि त्यापुढचा लिहीतच नाही.

आणि खरा निकाल बऱ्याचदा न्यायालयाबाहेरच लागतो. 1987 मध्ये महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. वसंत मून संपादक. राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं. ते पान काढा म्हणून मोर्चे निघाले, खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या. काढू नका म्हणून दलित समाजाचा अतिप्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. शेवटी काय ठरलं? मजकूर राहिला, पण त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप छापली गेली. संविधानाच्या शिल्पकाराचं पुस्तक, स्वतः शासनानं छापलेलं, आणि त्यावर शासनाचीच टीप! पण आम्हाला विचाराल, तर ही तडजोड अगदी टाकाऊ नाही. तुम्ही असहमत आहात ना, मग असहमत आहोत असं लिहा. पान फाडू नका. विरुद्ध बाजूलाही जमाव होता म्हणून ते पान टिकलं, हे मात्र विसरता येत नाही. ज्या लेखकामागं लाखोंचा मोर्चा नाही, त्याच्या पानाचं काय?

मग मर्यादा कुठं? काहीच नको का? हवी. आमच्या मते रेघ श्रद्धा आणि माणूस यांच्या मधून जाते. देव, ग्रंथ, विधी, संत, प्रेषित, चमत्कार, यांच्याबद्दल प्रश्न विचारायला, चिकित्सा करायला, अगदी टिंगल करायलाही मोकळीक असावी. कारण श्रद्धेला इजा होत नाही; ती खरी असेल तर टिकते. पण 'या धर्माची माणसं अशीच असतात, त्यांना घर देऊ नका, त्यांच्याकडून भाजी घेऊ नका, त्यांना हाकला' असं म्हणायला लागलात, तर तुम्ही धर्माची चिकित्सा करत नाही, शेजाऱ्याच्या जिवावर उठलाय. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं इस्लामवरच्या एका पुस्तकाची बंदी कायम ठेवली. त्या निकालात न्यायालयानं म्हटलं होतं की कुठल्याही धर्मावर टीका करायला मोकळीक आहे. पण हे पुस्तक त्या धर्माच्या माणसांविरुद्ध द्वेष चेतवतं. बंदी हा उपाय बरोबर होता की नाही यावर वाद होऊ शकतो. फरक नेमका तोच आहे.

ही रेघ नेहमी स्पष्ट दिसते का? नाही. 'रंगीला रसूल'सारखं लिखाण श्रद्धेवर असल्याचं भासवतं, पण त्याचा रोख समाजाला खिजवण्यावर असतो. तिथं आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: बोलणारा कुठं उभा आहे? दाराबाहेर बसलेला आतल्या पुजाऱ्याबद्दल कडू बोलतो, ते एक. बहुसंख्येच्या जोरावर उभा असलेला माणूस मूठभरांच्या देवाबद्दल घाण बोलतो, ते दुसरं. कायद्यानं दोघांनाही एकच माप लावावं. पण आपण श्रोते म्हणून, वाचक म्हणून हा फरक ओळखायला शिकलं पाहिजे.

सभेतून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. त्यांना उत्तर देऊन थांबतो.

पहिली चिठ्ठी: 'तुम्ही सगळी उदाहरणं हिंदूंचीच देता. दुसऱ्यांबद्दल बोलायची हिंमत आहे का?' ही चिठ्ठी येणार हे माहीत होतं, आणि ती रास्त आहे. उत्तर आहे हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा मराठी लेखक. 18 एप्रिल 1966 ला त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. फक्त सात बायका! 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. नाव फुल्यांचं घेतलं, हे बघा. त्यांच्या समाजातल्या कितीतरी जणांच्या भावना त्यांनी दुखावल्या, विरोध सोसला, आणि 1977 मध्ये ते गेले. काळारामाच्या दाराशी बसलेले आणि त्या सात बायका यांना आम्ही एकाच मापानं मोजतो. तुम्हीही मोजा, एवढंच मागणं आहे. दलवाईंना डोक्यावर घ्यायचं आणि दाभोलकरांना शिव्या द्यायच्या, किंवा त्याच्या उलट, असं करता येणार नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात पुलावर नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ते उभं आयुष्य सनदशीर मार्गानं बोलत राहिले. त्यांच्या बोलण्यानं दुखावलेले पुष्कळ असतील. त्यांच्या बोलण्यानं मेलेला एकही नाही.

दुसरी चिठ्ठी: 'माझ्या आईच्या देवाला कुणी शिवी दिली तर मी गप्प बसायचं का?'

अजिबात नाही. तुम्ही बोला. त्याच्यापेक्षा चांगलं बोला. लेख लिहा, सभा घ्या, निषेध करा, त्याचं पुस्तक विकत घेऊ नका, त्याचं नाटक पाहू नका, मोर्चा काढा, काळ्या फिती लावा. विष्णुबुवांसारखं समोर उभं राहून त्याचं म्हणणं खोडून काढा. हे सगळं तुमच्या हक्काचं आहे, आणि तुमचं दुःख खरं आहे हे आम्ही मान्य करतो. दोनच गोष्टी करू नका. हात उचलू नका. आणि 'त्याचं तोंड बंद करा' असं सरकारला सांगायच्या आधी एवढं आठवा, की सरकारला ही सवय लागली की ते तुमच्याच विरोधकांपाशी थांबत नाही. आज तुम्ही दाराच्या आत असाल. उद्या तुमची मुलं बाहेर बसलेली असू शकतात, आणि तेव्हा त्यांच्याजवळ बोलण्याखेरीज दुसरं काही नसेल.